पाहणं आणि आवडणं
मंडळी, टीव्हीवर जास्त पाहिलं जातं म्हणून क्रिकेटच लोकप्रिय, हा युक्तिवाद लंगडा आहे. म्हणे, षटक संपलं की जाहिरातीला जागा मिळते. अहो, बॉक्सिंगमध्येही फेरीनंतर मिनिटभर विश्रांती असतेच की! १९५०च्या दशकात अमेरिकेत जिलेट कंपनी याच लढतींवर दाढीची पाती खपवत होती. अडचण एवढीच, की जबर ठोसा बसला तर सगळं पहिल्याच फेरीत आटोपतं. कुस्तीचंही तसंच.

आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेचं २०१८चं राष्ट्रकुल सुवर्ण आम्ही पेपरात वाचलं. बीडच्या सचिन धसच्या २०२४च्या युवा विश्वचषकातल्या ९६ धावा मात्र टीव्हीसमोर बसून पाहिल्या. यात आमचाही दोष आलाच. पण जत्रेत फडाभोवती उन्हात ताटकळणारा माणूस प्रेक्षकसंख्येत कोण धरतो?