ताराबाईंच्या निबंधातील उपरोध

श्रीरामपूर तालुक्यातील आमच्या छोट्याशा वाचनमंडळात मध्यंतरी ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध वाचला गेला. वाचन संपल्यावर एका ज्येष्ठ भगिनीने विचारले, "म्हणणं खरं आहे हो, पण बाईमाणसाच्या तोंडी इतकी तिखट भाषा शोभते का?" त्या वेळी कोणीच उत्तर दिले नाही, आम्हीही नाही. ते राहून गेलेले उत्तर येथे देण्याचा विचार आहे.

निबंधाचे निमित्त सर्वश्रुत आहे. 1881 साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण वृत्तपत्रांना तेवढ्यावर थांबवेना. समस्त स्त्रीजातच कशी बिघडली आहे यावर रकाने भरू लागले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी 1882 साली पुण्यात निबंध छापून त्यास उत्तर दिले. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध झाले. रमाबाई स्त्रियांना उपदेश करतात. ताराबाई पुरुषांना जाब विचारतात.

हा जाब त्या कशा विचारतात, हे पाहण्याजोगे आहे. प्रारंभी त्या स्वतःस अल्पबुद्धी, घरच्या चार भिंतींत कोंडलेली अबला म्हणवितात. वाचक सैलावतो. मग त्या प्रतिपक्षाचीच फूटपट्टी हाती घेतात. स्त्रियांना दोषांचे आगर ठरविणारा एक संस्कृत श्लोक पुढे ठेवून त्यातील एकेक दोष त्या पुरुषांना लावून पाहतात. 'साहस' हा त्यांपैकीच एक. आज आपण साहसाची स्तुती करतो. त्या काळी तो शब्द अविचारी, निंद्य कृत्यालाही लागत असे. दोघांत साहसी कोण, हा प्रश्न निबंधाच्या मुखपृष्ठावरच आहे, आणि त्यातील खोच हा अर्थ ठाऊक असल्यावाचून कळत नाही.

त्यांची रीत एकच आहे: नियम मान्य करावयाचा आणि तो दोघांनाही लावावयाचा. पती हा देव असेल, तर त्याने देवासारखे वागावे की नाही? सावित्री नवऱ्यासाठी यमापाठोपाठ गेली. बायकोसाठी असा कोणता नवरा गेला? नवरा मेल्यावर बाईने केस काढून कोपऱ्यात बसावयाचे, तर बायको मेल्यावर पुरुषाने मिशा उतरवून रानात का जाऊ नये? येथे हसू येते आणि हसताहसताच वाचक पकडला जातो. मिशा उतरविणे हास्यास्पद वाटते, केशवपन मात्र कालपर्यंत वाटत नव्हते, हे त्यास स्वतःच्याच हसण्यावरून कळते. युक्तिवादाने हे साधले असते, असे आम्हांस वाटत नाही.

जगाच्या वाङ्मयात या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध निबंध जोनाथन स्विफ्टचा आहे. 1729 साली आयर्लंडमधील दारिद्र्यावर उपाय म्हणून त्याने गरिबांची तान्ही मुले धनिकांच्या ताटात वाढण्याची सूचना केली. बोलणारा एक सभ्य हिशेबी गृहस्थ. मुले किती, दर काय, सारे मांडलेले. कॅथलिकांची संख्या घटेल, हा तर त्याने सांगितलेला पहिलाच लाभ! हा मुखवटा स्विफ्ट शेवटच्या वाक्यापर्यंत उतरवीत नाही.

ताराबाईंचा मुखवटा मात्र मध्येच गळून पडतो. विधवेच्या हालांविषयी लिहिताना उपरोध सुटतो आणि उघडा संताप येतो. आमच्या भगिनींना खटकले ते हेच. कलादृष्ट्या स्विफ्ट सरस, हे आम्ही नाकारीत नाही. ताराबाईंची पाल्हाळाची खोडही लपत नाही. पण स्विफ्टने आपला निबंध निनावी छापला आणि तो डब्लिनच्या प्रमुख चर्चचा डीन होता. ताराबाईंनी 1882 साली स्वतःच्या नावानिशी छापला. शिवाय स्विफ्ट दुसऱ्यांच्या मुलांविषयी लिहीत होता. ताराबाई जे सोसणे वर्णितात ते त्यांच्या स्वतःच्या जातीचे, बाईच्या जातीचे आहे. तेथे सुरुवातीचे नम्र सोंग अखेरपर्यंत टिकले असते, तर त्या सोंगाचाच आम्हांस संशय आला असता.

आमची तक्रार निराळी आहे. उन्हात खुरपणारी, दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई या निबंधात जवळजवळ नाही. घराण्याच्या पडद्याआडची स्त्री हीच येथे स्त्री आहे. कष्टकऱ्याच्या बाजूने बोचरे लिहिणारी लेखणी आमच्या जिल्ह्यात पुढे नेवासे तालुक्यातील तरवडीच्या मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्रा'तून चालविली. पण ती गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे.

निबंधावर टीका झाली. 1885 साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र निघाले नाही. पुढे नव्वदाहून अधिक वर्षांनी, 1975 साली, स. गं. मालशे यांनी निबंध पुन्हा प्रकाशात आणला.

आमच्या त्या भगिनी मंडळाची प्रत घरी घेऊन गेल्या आहेत. मिशांचा मजकूर यजमानांना वाचून दाखविला, असे त्यांनी परवा कळविले. यजमान प्रथम हसले, मग बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे.