वणवा कोणाच्या हद्दीतला?

किनवट-माहूरच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडावर सागाची पाने गळू लागतात. ताटाएवढी, खरखरीत, कडकडीत वाळलेली. ज्वलनाला लागणाऱ्या तीन गोष्टी आपण वर्गात शिकवतो: इंधन, प्राणवायू आणि उष्णता. पहिल्या दोन इथे तयारच असतात. तिसरी बहुधा माणूस आणतो. मोहाची फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, बांध जाळतात, विडीचे थोटूक टाकतात. तरीही 'बांबूवर बांबू घासून वणवे लागतात' हे उत्तर मुले लिहितात आणि आपण त्याला गुण देतो. आमची पहिली हरकत या उत्तराला आहे. आग निसर्गानेच लावली म्हटले, की ती रोखण्याची जबाबदारी कोणाचीच उरत नाही.

कायद्यात ती आहे, पण कशी ते पाहा. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ राखीव वनात आग लावण्यास मनाई करते. कलम ७९ प्रमाणे, वनात चराई-जळणाचे हक्क असणाऱ्यांनी आगीची खबर द्यायची, ती विझवायला मदत करायची. न केल्यास शिक्षा. त्यांच्या हाती सरकारने कोणती साधने द्यावीत, याबद्दल हे कलम गप्प आहे! १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने वने समवर्ती सूचीत गेली, तरी जंगलात फिरणारा वनरक्षक राज्य सरकारचाच नोकर राहिला. जाळरेषा राखणे त्याच्याकडे. जाळरेषा म्हणजे इंधन काढून घेतलेला पट्टा. तो जानेवारीत साफ केला आणि पानगळ नंतर झाली, तर पट्टा पुन्हा भरतो. म्हणजे मजूर पावसाळ्यापर्यंत लागतात, एका पंधरवड्यापुरते नव्हेत.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींची सूचना राज्यांना देते. काम चांगले आहे. पण यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका संवेदकाचा ठिपका ३७५ मीटरचा, आणि त्याचा उपग्रह येतो दुपारी व रात्री दीडच्या सुमारास. दिवेलागणीला लागलेली आग तोवर टेकडी चढून गेलेली असते. चढावर ज्वाळा वरचा पाला आधीच तापवून ठेवतात. शिवाय सूचना आग विझवत नाही. ती विझवतात ओल्या फांद्या आणि पाला उडवणारी यंत्रे घेतलेली माणसे. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या वणव्यात तीन वनमजूर मृत्युमुखी पडले.

लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतेच, म्हणून तिथे हा प्रश्न नाही असे समजले जाते. हे आम्हाला पटत नाही. तिथली गायराने, माळराने पेटतात. चारा जातो, जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोल-माळटिटव्यांची अंडी जातात. उपग्रहाच्या सूचना वनहद्दीवर बेतलेल्या. गायरान महसूल खात्याचे, देखरेख ग्रामपंचायतीची. अग्निशामक बंब शहरात, आणि माळावर बंबाला रस्ता नाही.

आपल्या शाळेतील मुलांना एक काम देता येईल. गावच्या गायरानाला आग लागली तर फोन कोणाला करायचा, हे त्यांनी तलाठी, ग्रामसेवक आणि वनरक्षक यांना वेगवेगळे विचारावे. तिन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.