पुनरावृत्त भागांची संगणकीय जुळणी : एक चिकित्सा

इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीला सादर केलेल्या 'स्केचपॅड' या प्रबंधात एका मूळ आकृतीच्या अनेक प्रती योजता येत. मूळ आकृती बदलली की सर्व प्रती बदलत. सॉलिडवर्क्ससारख्या आजच्या प्रणालींतही हेच तत्त्व आढळते. मात्र अध्यापनात त्याचा विचार केवळ वेगाच्या अंगाने होतो, ही मर्यादा होय.

२४ छिद्रांच्या फ्लँजवर प्रत्येक बोल्ट स्वतंत्रपणे बसविल्यास, कॉन्सेंट्रिक व कोइन्सिडंट असे प्रत्येकी दोन मेट धरता ४८ मेट सांभाळावे लागतात. एक बोल्ट बसवून वर्तुळाकार पॅटर्नमध्ये २४ हा आकडा भरला, तर दोनच मेट पुरतात. परंतु पुढे छिद्रे २० केली तरी बोल्ट २४च राहतात. याउलट, छिद्रे पॅटर्नने रचून बोल्टांचा पॅटर्न त्यांच्याशीच जोडला, तर बोल्टही २० होतात. पहिल्या पॅटर्नमध्ये केवळ संख्या नोंदली जाते, दुसऱ्यात बोल्ट तेथे असण्याचे कारण.

पडद्यावर मात्र दोन्ही जुळण्या सारख्याच दिसतात. म्हणून केवळ अंतिम चित्र पाहून गुण देणारे मूल्यमापन अपुरे ठरते. परीक्षकाने एक छिद्र-संख्या बदलून पाहावी. विद्यार्थ्याची समज तेथेच स्पष्ट होईल.