दरडोई कमी, म्हणजे नेमकं काय कमी?

आज आम्ही एका अहवालाबद्दल बोलणार आहोत. ‘हेल्थ केअर विदाऊट हार्म’ आणि ‘अरूप’ या संस्थांनी २०१९ साली आरोग्यव्यवस्थेतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा जागतिक हिशेब मांडला. एकूण उत्सर्जनात आरोग्यक्षेत्राचा वाटा ४.४ टक्के निघाला. त्यातला सुमारे ७१ टक्के भाग औषधं, उपकरणं, हातमोजे अशा पुरवठ्याचा. गच्चीवर सौर पॅनेल बसवून फोटो काढणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

काम मोलाचं आहे. पण आमचा आक्षेप पद्धतीवर आहे. हा हिशेब मुख्यतः खर्चावरून केलेला आहे : अमुक क्षेत्रात इतका पैसा गेला, म्हणजे सरासरीने इतका वायू. आता बघा, तीच गोळी जेनेरिकमध्ये दहा रुपयांना आणि ब्रँडच्या नावाने चाळीसला मिळाली, तर कागदावर धूर चौपट होतो, कारखान्यात मात्र तेवढाच. देशाच्या बेरजेत हे खपून जाईल. एका रुग्णालयाला ही फूटपट्टी लावली तर फसगत होणार.

खरी अडचण पुढेच आहे. अहवालात भारताचा क्रमांक एकूण उत्सर्जनात सातवा, पण दरडोई मात्र ४३ देशांत सर्वांत कमी. अमेरिकेचा माणशी आकडा आपल्या ५७ पट. यावर टाळ्या वाजवायच्या का?

आपल्याकडच्या वैशेषिकांनी ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानला. पण नुसता अभाव म्हणून चालत नाही, कशाचा अभाव ते सांगावं लागतं; त्याला ‘प्रतियोगी’ म्हणतात. दरडोई आकड्याला हा प्रतियोगीच नाही! कमी काय आहे, उधळपट्टी की उपचार? बीड-हिंगोलीहून भाकरीचं गाठोडं घेऊन एसटीने घाटीत पोचलेल्या रुग्णाचं उत्सर्जन मोजता येईल. जो भाड्याला पैसे नाहीत म्हणून निघालाच नाही, त्याचं उत्सर्जन शून्य. हिशेबात तो आदर्श नागरिक ठरतो, बरं का.

म्हणून माणशी नको, दर उपचारामागे मोजा, असं आमचं म्हणणं. एक बाळंतपण, एक डायलिसिस, एक शस्त्रक्रिया. डेसफ्लुरेन हा भूल देण्याचा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापवणारा. इंग्लंडच्या एनएचएसने २०२४ मध्ये अपवाद सोडून तो बंद केला, त्याऐवजी सेवोफ्लुरेनसारखे सौम्य पर्याय आहेत. रुग्णाची झोप तीच, शस्त्रक्रिया तीच, फक्त वायू घटला. इथे प्रतियोगी स्पष्ट आहे.

सभागृहात कुणी भूलतज्ज्ञ असतील, तर त्यांनी आपल्याकडे कोणता वायू किती लागतो ते प्रश्नोत्तरांत सांगावं. आम्हाला ते ऐकायचंय.