तळ्याकाठचे उसने घर

नागपूरहून येणारी गाडी डोंगरगड मागे टाकून राजनांदगावास थांबते, तेव्हा आपणांपैकी बहुतेकांचे लक्ष सामानाच्या आवराआवरीकडे असते. रायपूर आता सुमारे ७० किलोमीटरांवर आले, एवढाच त्या स्थानकाचा आपल्या लेखी अर्थ. दिवाळीस गावी जाताना व रजा संपवून परतताना हे स्थानक आपण ओलांडतो. पण त्या गावी तळ्याकाठी एका मराठी घरातल्या कवीचे बिऱ्हाड होते व आज त्याचे संग्रहालय झाले आहे, हे पाहण्यासाठी उतरणारे विरळाच.

राजनांदगाव हे बैरागी महंतांचे संस्थान. प्रारंभी गादी गुरूकडून शिष्याकडे जाई. पुढे ती पित्याकडून पुत्राकडे जाऊ लागली. राणीसागर व बुढासागर या दोन तलावांच्या सान्निध्यात या राजांचा वाडा उभा आहे. संस्थान विलीन झाल्यानंतर राजा दिग्विजयदास यांनी तो शिक्षणकार्यास दिला, आणि १९५७ साली तेथे दिग्विजय महाविद्यालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी गजानन माधव मुक्तिबोध तेथे हिंदीचे अध्यापक म्हणून रुजू झाले व वाड्याच्या एका भागात राहू लागले. म्हणजे ज्याला आज आपण कवीचे घर म्हणतो ते त्याचे कधीच नव्हते. ते नोकरीबरोबर मिळालेले निवासस्थान होते. नोकरी असेतो आपले. या प्रकारच्या घराची ओळख बदलीवर असणाऱ्या माणसास करून द्यावी लागत नाही.

तेथे येईपर्यंत मुक्तिबोधांचे आयुष्य बिऱ्हाड उचलण्यातच गेले होते. जन्म १९१७ चा, श्योपूरचा. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात. शिक्षण उज्जैन व इंदूर येथे. मग शुजालपूर, बनारस, जबलपूर, आणि १९४८ पासून नागपूर. तेथे माहिती खाते, आकाशवाणी व एक साप्ताहिक असा प्रवास झाला. चाळिशी उलटल्यावर या माणसास प्रथमच थोडे स्थैर्य लाभले, आणि ‘कामायनी : एक पुनर्विचार’ १९६१ साली प्रसिद्ध झाले. गावातीलच एक तरुण, विनोदकुमार शुक्ल, त्यांच्याकडे कविता घेऊन येऊ लागला. त्या कविता श्रीकांत वर्मा यांच्या ‘कृति’ मासिकापर्यंत पोहोचल्या त्या मुक्तिबोधांमुळे. पुढे रायपूरकर झालेल्या या कवीला २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला. वास्तूने वाङ्मयाला काय दिले असे कोणी विचारील, तर हा हिशेब पुरे आहे.

परंतु स्मारक पाहणाऱ्यास एवढ्याने समाधान होत नाही. त्याला कवितेतली वस्तू डोळ्यांनी हवी असते. गोल जिना दिसला, खाली तळ्याचे पाणी दिसले, की तो ‘ब्रह्मराक्षस’ आठवतो. जुन्या बावडीच्या तळाशी कोंडलेला तो विद्वान, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, तो उंच काळोखा जिना, सारे येथेच सुचले असणार! दुर्दैवाने तारखा आड येतात. ‘ब्रह्मराक्षस’ १९५७ च्या एप्रिलात ‘कवि’ मासिकात छापली गेली; कवी राजनांदगावास आला १९५८ साली. बावडी त्याने बरोबर आणली होती. ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेत गावाबाहेरच्या तळ्याच्या काळ्या पाण्यातून एक आकृती प्रकटते, आणि ही कविता राजनांदगावी पूर्ण झाली हे खरे. पण त्याच कवितेत टिळकांचा दगडी पुतळा थरथरतो, त्याच्या नाकातून रक्त वाहते. नागपुरात वर्षे काढलेल्या वाचकास तो पुतळा कोणत्या गावचा हे सांगावयास नको. घराने प्रतिमा दिल्या नाहीत; आधीच्या प्रतिमांशी झुंजण्यास रात्री दिल्या. माझ्या मते हे देणे अधिक मोठे.

वर्ड्‌स्वर्थचेही ग्रासमिअर तळ्याजवळचे घर भाड्याचेच होते. १७९९ ते १८०८ तो तेथे राहिला, आणि १८९१ साली ते लोकांस खुले झाले. पण तेथे तळे, डोंगर व कवी यांचा सलोखा आहे. घर पाहून आलेला मनुष्य कविता वाचू लागला तर त्याला धक्का बसत नाही. मुक्तिबोधांच्या बाबतीत नेमके उलट घडते. राणीसागराच्या काठची शांत संध्याकाळ ही त्यांच्या कवितेची प्रस्तावना होऊच शकत नाही.

छत्तीसगढ राज्य झाल्यावर येथे जे संग्रहालय सिद्ध झाले, त्यास ‘त्रिवेणी’ हे नाव आहे. मुक्तिबोधांसह पदुमलाल पुन्नालाल बक्षी व बलदेवप्रसाद मिश्र यांची स्मृती तेथे जपली आहे. ‘सरस्वती’चे संपादक राहिलेले बक्षी, तुलसीदासाचे व्यासंगी मिश्र आणि मार्क्सवादी मुक्तिबोध, यांचा संगम गावाच्या अभिमानाला शोभतो. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र तो सोयीचा आहे: तिघेही थोर म्हटले की कोणाचाच विचार अंगावर येत नाही.

आणि तो अंगावर यावयास हवा, विशेषतः आपल्यासारख्या कचेरीत बसणाऱ्यांच्या. मुक्तिबोधांनी लिहिलेले ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक १९६२ साली मध्यप्रदेश शासनाने बंदी घालून काढून घेतले. याच घरात राहत असता तो आघात त्यांच्यावर झाला. १९६४ च्या फेब्रुवारीत पक्षाघात, मग भोपाळ, मग दिल्ली. ११ सप्टेंबरला मृत्यू. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह त्यांना पाहावयास मिळाला नाही. बंदीचा हुकूम आणि स्मारकाची मंजुरी यांच्यामध्ये चार दशके आहेत, परंतु दोन्ही कागद एकाच जातीच्या मेजावरून गेले असतील. ‘अंधेरे में’मधल्या मध्यरात्रीच्या मिरवणुकीत गावची प्रतिष्ठित मंडळी गुंडाबरोबर चालताना दिसतात, आणि पाहणाऱ्याने आपल्याला ओळखले म्हणून त्याच्यावर धावून जातात. ही कविता ज्या वास्तूत पुरी झाली तेथे प्रतिष्ठितांच्या हस्ते पुष्पहार घातले जावेत, यातला उपरोध कवीने जाणला असता.

त्रिवेणीत तिसरी नदी गुप्त असते. येथे गुप्त राहिलेली नदी मराठीची म्हणावी लागेल. कवीची आई प्रेमचंद वाची, तशीच हरि नारायण आपटेही वाची. थोरला भाऊ हिंदीत गेला; धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले, आणि ‘नवी मळवाट’, ‘यात्रिक’ यांसारखे संग्रह व ‘क्षिप्रा’सारखी कादंबरी त्यांनी दिली. उज्जैनच्या नदीचे नाव मराठी कादंबरीस मिळावे आणि टिळकांचा पुतळा हिंदी कवितेत रक्ताळावा, अशी ही एका घरातली देवघेव आहे. हिंदी समीक्षेने थोरल्याकडे पुष्कळ पाहिले. दोघांना शेजारी ठेवून वाचण्याचे काम दोन्ही भाषांत ज्यांचा रोजचा वावर आहे त्यांच्याकडेच येते. ‘यात्रिक’ १९५७ चा आहे, ‘ब्रह्मराक्षस’ही त्याच वर्षीची. आरंभ तेथून करता येईल.