आवाज कुणाचा, गोंगाट कुणाचा

बीटल्सच्या हॉलिवूड बोलमधील मैफलींचे ध्वनिमुद्रण दोनदा बाजारात आले. मैफली १९६४ आणि १९६५ च्या ऑगस्टमधल्या. पहिली तबकडी १९७७ ची, जॉर्ज मार्टिन यांनी सिद्ध केलेली. दुसरी आवृत्ती २०१६ ची, त्यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांची. नव्या आवृत्तीत गाणे आणि श्रोत्यांचा आवाज तंत्राने सुटे करून तो आवाज खाली आणला आहे. मी या सफाईचे स्वागतच केले, कारण रिंगोचे ड्रम इतके स्वच्छ पूर्वी ऐकू येत नव्हते. नंतर मात्र 'सफाई' हा शब्दच मला टोचू लागला. साफ काय केले? प्रामुख्याने किशोरवयीन मुलींचा आवाज.

मराठीत या आवाजाला नेमका शब्द सापडत नाही. किंकाळी भयाची, आरोळी बहुधा पुरुषाची. मैफलीत मान डोलावून 'वाहवा' म्हणणारा आपल्याकडे रसिक ठरतो. किंचाळणारी मुलगी वेडी.

तिकडेही वेगळे नव्हते. फेब्रुवारी १९६४ मध्ये पॉल जॉन्सन यांनी 'न्यू स्टेट्समन'मध्ये या चाहत्यांना आपल्या पिढीतले मंद आणि अपयशी ठरवले. त्याच महिन्याच्या ९ तारखेला एड सलिव्हन यांचा कार्यक्रम अमेरिकेत सुमारे ७ कोटी ३० लाख लोक पाहत होते. कॅमेरा जॉन लेननवर गेला तेव्हा पडद्यावर नावाखाली ओळ झळकली, मुलींनो माफ करा, याचे लग्न झाले आहे. थट्टाच ती. पण जॉन्सन यांचा राग आणि ही थट्टा एकाच समजुतीतून येतात: मुलगी गाणे ऐकत नसते. ती बिघडलेली असते, नाहीतर वर शोधत असते.

या समजुतीला पहिला सणसणीत जबाब बार्बरा एरनराइक, एलिझाबेथ हेस आणि ग्लोरिया जेकब्स यांनी दिला. त्यांचे म्हणणे असे, की त्या काळी मुलीने स्वतःला आवरायचे आणि मुलालाही आवरायचे, असा दंडक होता. हजारोंनी एकत्र येऊन तो सोडून देणे हे बंडच होते. लग्न अशक्य असणे हीच या प्रेमाची सोय होती. हे मला पूर्ण पटते. लेननचे लग्न जाहीर झाले म्हणून कुणी घरी बसले नाही!

माझी तक्रार वेगळी आहे. बंड सिद्ध करण्याच्या भरात या तिघींनीही गाण्याकडे फारसे पाहिले नाही. हॉलिवूड बोलच्या तबकडीवर रिंगो 'बॉइज' गातो. हे मुळात शिरेल्स या कृष्णवर्णीय मुलींच्या चमूचे गाणे, १९६० चे. बीटल्सनी कडव्यांत थोडा फेरफार केला. ध्रुपदातला मुलांविषयीचा उल्लास तसाच ठेवला. म्हणजे मुलींनी मुलांबद्दल म्हटलेले गाणे एक पुरुष गातो आहे, आणि समोरच्या मुली त्याला आपल्या आवाजाने उत्तर देत आहेत. 'प्लीज मिस्टर पोस्टमन', 'चेन्स', 'बेबी इट्स यू' ही गाणीही त्यांनी मुलींच्या चमूंकडूनच घेतली होती. तेव्हा या मुली परक्या पुरुषांची पूजा करत होत्या असे सरसकट म्हणता येत नाही. आपल्याच घरातली गाणी त्यांना पुरुषाच्या तोंडून परत मिळत होती. शिरेल्सना मात्र असे मैदान कधी मिळाले नाही, हा हिशेब उरतोच.

२०१६ च्या आवृत्तीत हे उत्तर बरेच दूरचे वाटते. ड्रम ऐकायचे असले की मी तीच लावतो. या लेखासाठी १९७७ ची वापरली.