धुक्यातला सूर्य

क्लोद मोने यांनी फ्रान्समधील ल हाव्र बंदराचे ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे चित्र १८७२ साली रंगवले. धुक्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात. म्हणून त्यात दूरची जहाजे पुसट दिसतात. सूर्य मात्र झळाळतो. पण चित्राची कृष्णधवल छायाप्रत काढून पाहा, तो जवळजवळ नाहीसा होतो! त्याची उजळता भोवतालच्या करड्या आकाशाइतकीच आहे. वेगळा आहे तो फक्त नारिंगी रंग.

खरा सूर्य आकाशाहून कितीतरी तेजस्वी असतो. मग मोने चुकले, असे म्हणायचे का? कोणतेही रंगद्रव्य सूर्याचे तेज देऊ शकत नाही. म्हणून त्यांनी सारी भिस्त रंगभेदावर ठेवली. मुळशी जलाशयावरची धुक्याची सकाळ रंगवताना एखाद्या मुलाने आकाशाइतकाच मंद सूर्य काढला, तर गुण कापण्यापूर्वी हे जरूर आठवावे.